गॅलिक फुटबॉलमधला रास्त टॅकल आणि काउंट्यांची चुरस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घरांत गॅलिक फुटबॉल, म्हणजे हाता-पायांनी खेळायचा इथला पंधरा-पंधरा जणांचा खेळ, सहसा मुलांच्या क्लबमधून शिरतो. दोन-तीन उन्हाळे गेले की आई-वडीलही डब्लिनचे नाहीतर मेयोचे कट्टर होऊन बसतात आणि प्रत्येक मोठ्या सामन्यानंतर तोच वाद रंगतो: तो धक्का रास्त होता की फाउल? या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश, प्रत्येकीचा आपला संघ. खालचे उपांत्य-अंतिम सामने आणि अजिंक्यपदं काउंट्यांच्या वार्षिक ऑल-आयर्लंड स्पर्धेतली.) सगळ्या उत्तरांमागे माझी धारणा एकच आहे. धक्का कुठून आला, कुठे बसला आणि त्या क्षणी चेंडू कुठे होता, एवढ्यावरूनच टॅकलचा निवाडा व्हायला हवा. धक्का देणाऱ्याची जर्सी आणि पडलेल्याची जखम या दोन गोष्टी बाजूला ठेवता आल्या, तर निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील.

खांद्याने धक्का मारायची मुभा आहे, तर मग इतके फाउल कशाचे देतात?

मुभा आहे ती एकाच प्रकारच्या धक्क्याची. बाजूने, खांद्याला खांदा, आणि धक्का देणाऱ्याचा निदान एक पाय जमिनीवर. समोरचा चेंडू घेऊन पळत असेल, चेंडू खेळत असेल, किंवा दोघेही चेंडूच्या दिशेने धावत असतील, तेव्हाच हा धक्का देता येतो. ज्याचा चेंडूशी काही संबंध उरलेला नाही, त्याला खांदा मारला की फाउल.

छातीवर समोरून आदळणं, पाठीत ढकलणं, हात धरून ठेवणं, जर्सी ओढणं, पाय घालून पाडणं, चापट किंवा ठोसा मारणं हे सगळं बाद. नियमाचा गाभा असा की टॅकल चेंडूवर करायचा, माणसावर नाही. खांद्याचा धक्का हा त्याला एकमेव अपवाद. कबड्डीत चढाईला आलेल्याची पकड करून त्याला आडवा पाडलं की टाळ्या पडतात. इथे चेंडूवाल्याला मिठी मारून पाडणं हा मोठ्या गुन्ह्यांपैकी एक आहे. कबड्डी बघत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना म्हणूनच सुरुवातीला पंच फार कडक वाटतो.

हात मुळीच वापरायचे नाहीत का?

वापरायचे, पण उघड्या तळव्याने आणि चेंडूवर. समोरच्याच्या हातातला चेंडू तळव्याने टोलवून पाडता येतो. तो लाथ मारत असताना हात आडवे घालून चेंडू अडवता येतो. चेंडूवाल्याला पावलं मोजूनच पळावं लागतं: चार पावलांत चेंडू जमिनीवर आपटायचा, पायाने टोलवून परत हातात घ्यायचा, नाहीतर कुणाला तरी द्यायचा. सलग दोनदा आपटता येत नाही. चेंडू हातातून सुटून पायाकडे जातो त्या निमिषात बचावपटूला संधी असते. चांगला बचावपटू अंगाला अंग लावून सोबत धावत राहतो, हात मोकळे ठेवतो आणि चेंडू सुटताच तळवा घालतो. तळवा जरा उशिरा पडला तर मनगटावर बसतो आणि शिट्टी वाजते.

तिघाचौघांनी मिळून एकाला घेरणं नियमात बसतं का?

बसतं. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला एकापेक्षा जास्त जण टॅकल करू शकतात. २००३ च्या उपांत्य सामन्यात टिरोनने केरीला ०-१३ विरुद्ध ०-६ असं हरवलं, ते याच पद्धतीने. (पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा, एक गोल म्हणजे तीन पॉइंट. चेंडू जाळीत गेला की गोल, जाळीच्या वरून खांबांमधून गेला की पॉइंट.) केरीच्या कुणाच्याही हातात चेंडू आला की पांढऱ्या जर्सीतले तीन-चार जण त्याच्याभोवती गोळा होत. केरीचे जुने दिग्गज पॅट स्पिलान यांनी टीव्हीवर या खेळाला ओकारी आणणारा म्हटलं आणि तो शेरा टिरोनच्या लोकांनी आजतागायत विसरलेला नाही.

मला स्वतःला ती टीका अन्यायाची वाटते. घोळक्यात एखादा हात चेंडूऐवजी दंडाला धरतोच आणि तो पंचाच्या नजरेतून सुटतो, हे खरं. पण म्हणून घेरणं अवैध ठरत नाही. शिवाय टिरोनने त्याच वर्षी अंतिम सामन्यात अर्माविरुद्ध जो बचाव दाखवला तो विसरून कसं चालेल?

म्हणजे कॉनर गोर्मलीचा तो ब्लॉक?

तोच. सप्टेंबर २००३, सामना अखेरच्या टप्प्यात, टिरोन थोडक्यात पुढे. अर्माचा स्टीव्हन मॅक्डॉनल गोलसमोर मोकळा सुटला होता आणि लाथ मारायला पाय मागे गेलेला होता. गोर्मली बाजूने धावत आला आणि दोन्ही हात पुढे पसरून त्याने थेट बुटासमोर झेप घेतली. चेंडू बुटावरून सुटला तो त्याच्या हातांवर. मॅक्डॉनलच्या अंगाला धक्का नाही, पाय अडकवणं नाही, जर्सीला हात नाही. टिरोनने सामना ०-१२ विरुद्ध ०-९ असा जिंकला आणि काउंटीचं पहिलं अजिंक्यपद मिळवलं. रास्त टॅकल म्हणजे काय असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना हाच प्रसंग दाखवते. चेंडूवर नजर असलेला माणूस किती दूरवरून पोहोचू शकतो, ते त्यात दिसतं.

खेळाडूला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, तर धक्का फाउलच असणार ना?

नाही. उलटही खरं नाही. वादाची गाडी सगळ्यात जास्त वेळा इथेच रुळावरून घसरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्ण वेगात धावणारे दोन खेळाडू खांद्याला खांदा भिडले तर कुणाचा तरी खांदा निखळू शकतो आणि तरी तो धक्का नियमात असू शकतो. तसंच पाठीत मारलेल्या हलक्या ढुशीने कुणाला खरचटतही नाही, पण ती फाउल असते. जखम हा परिणाम आहे. नियम कृती बघतो.

१४ ऑगस्ट २०२१ च्या उपांत्य सामन्याचं उदाहरण घ्या. डब्लिनच्या जॉन स्मॉलचा धक्का मेयोच्या ओवन मॅक्लॉक्लिनला बसला, जबडा मोडून त्याला मैदान सोडावं लागलं आणि पंचाने फाउल दिला नाही. मेयोचे लोक म्हणतात, जबडा मोडला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? डब्लिनचे म्हणतात, खांदाच तर मारला. दोन्ही बाजू चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. जबडा मोडल्याने फाउल सिद्ध होत नाही आणि खांदा वापरल्याने धक्का रास्त होत नाही. विचारायचं ते इतकंच: आघात बाजूने होता की समोरून? माझ्या मते तो समोरून होता आणि फ्री किक मिळायलाच हवी होती. तुम्ही चित्रफीत बघून वेगळ्या मताला येऊ शकता, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन मगच या. मेयोने तो सामना जादा वेळेत जिंकला आणि सलग सहा वर्षं (२०१५ ते २०२०) अजिंक्य राहिलेल्या डब्लिनची घोडदौड तिथे थांबली.

याहून जुनं उदाहरण १९७५ च्या अंतिम सामन्याचं. केरीचा कर्णधार मिकी ओ'सुलिव्हन डब्लिनच्या बचावफळीतून एकामागून एक माणूस चुकवत पुढे घुसला आणि शेवटी असा आडवा झाला की शुद्ध हरपली. त्याला इस्पितळात न्यावं लागलं. केरी जिंकली, पण अजिंक्यपदाचा सॅम मॅग्वायर करंडक घ्यायला कर्णधार मैदानात नव्हता. तो स्पिलान यांनी स्वीकारला.

काळं कार्ड कशासाठी? पिवळं आणि लाल पुरत नव्हतं का?

पुरत नव्हतं, कारण पिवळं कार्ड खिशात घालून खेळ बिघडवणं परवडत होतं. काळं कार्ड जाणूनबुजून केलेल्या, खेळ मोडणाऱ्या फाउलसाठी आहे: मिठी मारून पाडणं, मुद्दाम पाय किंवा हात घालून पाडणं, चेंडू पुढे दिल्यावर धावणाऱ्याला अंग घालून अडवणं.

२०१३ च्या उपउपांत्य सामन्यात मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस गोलच्या दिशेने सुटला होता. टिरोनच्या शॉन कॅव्हनॉने त्याला मागून गाठून रग्बीत पाडतात तसं खाली पाडलं. पिवळं कार्ड मिळालं, गोलची संधी गेली, टिरोन दोन पॉइंटांनी जिंकलं. टीव्हीवर समीक्षक जो ब्रॉली यांनी कॅव्हनॉवर जी आगपाखड केली ती संपूर्ण देशाच्या चर्चेचा विषय झाली. माझ्या मते त्यांचा रोख चुकला. त्या दिवशीच्या नियमांनुसार तसं पाडण्यात संघाचा फायदाच होता, आणि फायद्याचा फाउल अस्तित्वात ठेवणं हा नियम करणाऱ्यांचा दोष. काळ्या कार्डाला खेळाच्या संघटनेने (जीएए) त्याच वर्षी, या सामन्याच्या आधीच मंजुरी दिली होती. ते लागू झालं १ जानेवारी २०१४ पासून. सुरुवातीला काळं कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर जायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. २०२० पासून संघाला दहा मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. खरा वचक तेव्हा बसला.

२०१७ च्या अंतिम सामन्यात कुणी जास्त अखिलाडूपणा केला, डब्लिनने की मेयोने?

दोघांनी. आणि दोन्हीकडचे चाहते फक्त समोरच्याचा सांगतात.

सामना बरोबरीत, जादा मिनिटं सुरू. डब्लिनचा डीन रॉक फ्री किक मारायला धावला, तेव्हा मेयोच्या ली कीगनने अंगावरचं जीपीएस यंत्र काढून त्याच्या दिशेने भिरकावलं. रॉकचं लक्ष विचलित झालं नाही. चेंडू खांबांमधून गेला आणि डब्लिन १-१७ विरुद्ध १-१६ असं पुढे झालं. आता मेयोचा गोलरक्षक डेव्हिड क्लार्क चेंडू खेळात आणणार, तर डब्लिनच्या पुढच्या फळीने आपापल्या जवळच्या मेयोवाल्याला धरून जमिनीवर लोळवलं, जेणेकरून क्लार्कला चेंडू द्यायला मोकळा माणूसच दिसू नये. किअरन किलकेनीला काळं कार्ड मिळालं, पण सामना संपायला आलेला असताना त्याने काय बिघडणार होतं? क्लार्कची लाथ कडेच्या रेषेबाहेर गेली आणि संपलं.

मी डब्लिनची चाहती आहे. तरीही ती शेवटची मिनिटं बघताना मला अभिमान वाटत नाही. इतका गुणी संघ, त्याला याची गरज नव्हती.

१९८२ मध्ये शेमस डार्बीने खरंच ढकललं होतं का?

केरीत याचं उत्तर हो आहे, ऑफलीत नाही.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात केरी सलग पाचव्या अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होती. तोवर कुठल्याच काउंटीला ते जमलेलं नव्हतं. शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि केरी दोन पॉइंटांनी पुढे. एक उंच, लांब चेंडू गोलसमोर आला. केरीचा टॉमी डॉयल झेलायला उडाला, त्याच्या मागे बदली खेळाडू म्हणून आलेला डार्बी. डॉयलच्या हातातून चेंडू निसटला, डार्बीने तो पकडला, वळला आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळीत मारला. ऑफली १-१५, केरी ०-१७. म्हणजे १८ विरुद्ध १७.

डार्बीचे हात डॉयलच्या पाठीला लागलेले दिसतात. त्या स्पर्शाने डॉयल चेंडूखालून पुढे सरकला की त्याचा उडीचा अंदाजच चुकला होता, यावर गेली चाळीसहून अधिक वर्षं वाद चालू आहे. आजच्या कडक पंचाने शिट्टी फुंकली असती असं मला वाटतं. पण पाठीमागे उभ्या माणसाचा हात लागणं आणि त्याने ढकलणं यात फरक आहे, आणि तो पंचाने मैदानावर, एका नजरेत ठरवायचा असतो. केरीने त्याच सामन्यात पेनल्टी दवडली होती, हेही वादात कुणी तरी आठवून द्यायला हवं.

डब्लिन आणि केरी यांच्यात एवढी खुन्नस का? दोन्ही काउंट्यांची हद्दही लागत नाही.

एकीकडे राजधानी, दुसरीकडे नैर्ऋत्येचा डोंगर-समुद्राचा मुलूख. सर्वाधिक अजिंक्यपदं याच दोघांची: २०२५ अखेर केरी ३९, डब्लिन ३१. सत्तरच्या दशकात प्रशिक्षक केव्हिन हेफर्नन यांचं डब्लिन आणि प्रशिक्षक मिक ओ'ड्वायर यांची केरी एकमेकांसमोर उभे ठाकले आणि खेळाला घराघरांत प्रेक्षक मिळाला. १९७४, ७६ आणि ७७ डब्लिनची. १९७५ आणि १९७८ ते ८१ केरीची.

१९७८ च्या अंतिम सामन्यातला एक प्रसंग टॅकलच्या वादात हमखास निघतो. डब्लिनचा गोलरक्षक पॅडी कलन याच्याविरुद्ध पंचाने फाउल दिला. कलनला तो मुळीच पटला नाही. तो गोल सोडून हुज्जत घालत राहिला. डब्लिनच्याच रॉबी केलेहरने चेंडू सभ्यपणे केरीच्या मिकी शीहीच्या हाती दिला आणि शीहीने क्षणाचाही वेळ न दवडता तो रिकाम्या गोलात अलगद उचलून टाकला. कलन मागे धावत गोलजाळ्यात कोसळला. केरी ५-११ विरुद्ध ०-९ अशी जिंकली. फाउल चुकीचा दिला असेलही. पण हुज्जत नंतर घालता आली असती.

शेजारच्या काउंट्यांमधली चुरस जास्त कडवी असते म्हणतात, खरं आहे का?

बरंचसं. १९९१ मध्ये डब्लिन आणि मीथ यांच्यातला पहिल्या फेरीचा निकाल लागायला चार सामने लागले. चौथ्यात मीथ अखेरच्या क्षणी एका पॉइंटाने जिंकलं. धक्के दोन्हीकडून, कुणी मागे हटायला तयार नाही. ज्यांनी ते चारही सामने पाहिले ते लोक आजही तारीखवार सांगतात. आणि काउंटीच्या खाली गेलात तर पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) क्लबांची चुरस त्याहून धारदार, कारण समोरचा बचावपटू सोमवारी तुमच्याच दुकानात येणार असतो. खेळाडू हौशी आहेत. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी पोलीस. खेळायचं ते आपल्या गावासाठी आणि काउंटीसाठी, पैशाची बोली लागत नाही. त्यामुळे हरल्याचा सल जवळचा असतो.

जुने लोक म्हणतात पूर्वीचा खेळ मर्दानी होता, आता नुसत्या शिट्ट्या. त्यात तथ्य आहे?

१९८३ चा अंतिम सामना बघा आणि ठरवा. डब्लिनचे तीन आणि गॉलवेचा एक खेळाडू बाहेर काढला गेला. डब्लिनने बारा जणांनिशी १-१० विरुद्ध १-८ असा विजय मिळवला. बारा जणांनी किल्ला लढवला याचं कौतुक मलाही आहे, पण त्या सामन्यातल्या हाणामारीला मर्दानी म्हणणं मला जमत नाही. १९९६ च्या अंतिम सामन्याच्या फेरलढतीत मीथ आणि मेयो यांच्यात सुरुवातीलाच जुंपली, डझनावर खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि प्रत्येक संघातला एक जण बाहेर गेला. मेयोला एका पॉइंटाने हार पत्करावी लागली. बाहेर गेलेला लिअम मॅकहेल त्यांचा कणा होता, हे दुःख तिथे अजून ओलं आहे. मेयोने १९५१ नंतर करंडक जिंकलेलाच नाही.

ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यांत पकडून पाडायला परवानगी कशी काय?

ते मिश्र नियमांचे सामने. ऑस्ट्रेलियन खेळात पकड वैध आहे, म्हणून तडजोड केली गेली. २००६ मध्ये डब्लिनमधल्या क्रोक पार्क स्टेडियमवर आयर्लंडचा ग्रॅहम गेराटी अशाच टॅकलमध्ये बेशुद्ध पडला, दुसऱ्या वर्षीची मालिका रद्द झाली.

२०२५ च्या नव्या नियमांनी टॅकलवर काय परिणाम झाला?

चांगला झाला असं माझं ठाम मत आहे. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेल्या बदलांनुसार प्रत्येक संघाला मैदानाच्या दोन्ही अर्ध्यांत किमान तीन-तीन खेळाडू ठेवावे लागतात. त्यामुळे पंधराच्या पंधरा जणांची भिंत उभी राहत नाही. एकास एक झुंज परत आली आणि खांद्याला खांदा भिडलेला स्पष्ट दिसू लागला. फाउल झालेल्याला आता चेंडू पायाने टोलवत लगेच पुढे निघता येतं आणि पहिल्या चार मीटरपर्यंत त्याला कुणी अडवायचं नाही. वेळ काढण्यासाठी केलेल्या फाउलची हवाच निघून गेली. पंचाशी हुज्जत घातली की फ्री किक ५० मीटर पुढे सरकते आणि पंचाशी बोलायचा हक्क फक्त कर्णधाराला.

स्टेडियममध्ये दोन्हीकडचे चाहते वेगवेगळे बसवतात का?

नाही. क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांहून जास्त लोक सरमिसळ बसतात. हिल १६ हा उभं राहून बघायचा भाग तेवढा डब्लिनवाल्यांचा मानला जातो. २००६ मध्ये मेयोच्या संघाने सामन्याआधीचा सराव मुद्दाम हिलसमोर केला, तर मैदानावर खेळ सुरू होण्याआधीच ढकलाढकली झाली. प्रेक्षकांत मात्र शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या रंगाची जर्सी असते आणि मध्यंतराला तीच व्यक्ती तुम्हाला सँडविच देते. जिभेवर ताबा ठेवा. तुम्ही ज्याला शिव्या घालता आहात त्याची आई मागच्या रांगेत असू शकते.

मुलींच्या खेळातही हेच नियम?

महिलांची संघटना वेगळी आहे, १९७४ मध्ये स्थापन झालेली. तिच्या नियमांत परंपरेने जाणूनबुजून अंगाला अंग भिडवायला मनाई राहिली आहे, खांद्याचा धक्काही नाही. प्रत्यक्ष सामन्यात अंग भिडतंच, आणि एकच धक्का एका पंचाला चालतो, दुसऱ्याला नाही. खेळाडूंची याबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. नियम मैदानावरच्या खेळाशी जुळणारा हवा.

आमची मुलगी आठ वर्षांची आहे आणि अंगाने किरकोळ. क्लबमध्ये पाठवावं का?

जरूर पाठवा. बारा वर्षांखालच्या मुलांचे सामने अजिंक्यपदासाठी नसतात, सगळ्यांना खेळायला मिळावं यावर भर असतो. प्रशिक्षक सहसा पालकांमधलेच असतात. पहिल्या काही आठवड्यांत बघा, ते मुलांना चेंडूवर तळवा कसा घालायचा आणि चेंडूवालीच्या सोबत कसं धावायचं हे शिकवतात का. नुसतं 'अडव तिला' असं ओरडत असतील तर बोला, ऐकतात. माउथगार्ड सरावाच्या पहिल्याच दिवशी सोबत असू द्या. सक्तीचं आहे, त्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत.